शपथ आणि कागद

दिवाळीच्या फराळाबरोबर असला विषय वाढू नये, हे मला कळते. पण पुष्कळ घरांत एखादे माणूस असे असते, की ज्याच्याविषयी या चार दिवसांत कोणी काही बोलत नाही. ते फुलबाजीकडे पाहून हसले, की बाकीच्यांचा जीव भांड्यात पडतो. आमच्या घरात ते माणूस म्हणजे माझा धाकटा मावसभाऊ.

काही वर्षांपूर्वी त्याने जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. कारण सांगण्याचे कारण नाही. पनवेलच्या एका इस्पितळात तो वाचला आणि तीन दिवसांनी रिक्षातून घरी आला. मावशीने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्री जेवणे झाल्यावर घरातला वडील भाऊ म्हणून आणि पेशाने मास्तर म्हणून मी त्याला आतल्या खोलीत नेले. म्हणालो, "मावशीच्या गळ्याची शपथ घे. पुन्हा असा विचार मनात आणणार नाहीस." त्याने खाली मान घालून शपथ घेतली. शपथ त्याने घेतली आणि झोप मला लागली!

आठ महिन्यांनी तो पुन्हा इस्पितळात होता. दैव बलवत्तर, पुन्हा वाचला. त्याच्या खाटेशी बसून मी विचारले, "अरे, एका शब्दाने सांगायचे तरी!" तो म्हणाला, "दादा, विचार आला तेव्हाच शपथ मोडली होती. मग सांगू कोणाला?"

वाचकहो, या उत्तरावर मला आजवर काही बोलता आलेले नाही. विचार मनात येणे का माणसाच्या हातात असते? ताप येऊ देणार नाही, अशी कोणी शपथ घेईल काय? मी त्याच्या दुःखावर अपराधाचे आणखी एक ओझे ठेवले होते, आणि तेही आईच्या गळ्याचे.

या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई त्याच्याजवळ अर्धा तास बसल्या. शपथ त्यांनी मागितली नाही, कागद मागितला. विचार येऊ लागला हे तुला कशावरून कळते, हे पहिले विचारले. त्याने लिहिले, 'दिवेलागणीला जेवण नको वाटते.' मग एकट्याने काय करता येते? 'वडाळे तळ्याला दोन फेऱ्या.' माणसांत कुठे जाऊन बसशील? पुढे, मनातले सांगता येईल अशी माणसे. मग डॉक्टरांचा क्रमांक आणि सरकारी टेलिमानसचा 14416, जिथे रात्री-अपरात्री मराठीतही बोलता येते. शेवटी घरातल्या कोणत्या वस्तू दूर ठेवायच्या आणि किल्ली कोणाकडे. सगळे त्याच्या अक्षरात, त्याच्या शब्दांत.

ही पद्धत स्टॅन्ली आणि ब्राऊन या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची. तिथल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत असा कागद करून दिला आणि नंतर फोनवर विचारपूस चालू ठेवली, तेव्हा पुढील सहा महिन्यांत असे प्रसंग जवळजवळ निम्म्याने कमी आढळले. हे 2018 साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, 2008 साली, जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात आपले चेन्नईही होते. प्रयत्नातून वाचलेली 1,867 माणसे. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांशी तासभर बोलणे आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. पहिल्या गटातली अठरा माणसे आत्महत्येने गेली, दुसऱ्यातली दोन. नऊ वेळा 'कसा आहेस?' विचारायला काय पडते!

मावशीला मात्र कुलपाचे वाईट वाटले. "पोटच्या पोरावर अविश्वास दाखवू?" पावसाळ्यात गाढी नदी फुगली, की लोक पुलाजवळ थांबवतात. त्यात आपला अपमान झाला असे कोणी मानीत नाही, कारण पाणी ओसरणार हे सर्वांना ठाऊक असते. तो विचारही असाच चढतो आणि ओसरतो. तेवढा वेळ हाताशी काही असू नये, इतकेच.

माझे एक विद्वान स्नेही म्हणतात, ज्याचे आयुष्य त्याच्या मर्जीचे. कुलपे लावणारे आपण कोण? पूर्वी हा वाद मला आवडे. माझ्या एका कादंबरीत नायकाला मी शेवटच्या प्रकरणात असाच संपवला होता आणि वाचकांची पत्रे आली म्हणून खूशही झालो होतो. आता ते प्रकरण मला वाचवत नाही. स्नेह्यांना मी एवढेच विचारतो, की मर्जी कोणत्या घटकेची धरायची? किल्ली मावशीकडे ठेवा, हे त्याने शांत असताना स्वतःच्या हाताने लिहिले आहे. तीही त्याचीच मर्जी. आपला कायदाही अशा माणसाकडे आता गुन्हेगार म्हणून पाहत नाही. 2018 पासून लागू असलेला मानसिक आरोग्याचा कायदा त्याला तीव्र ताणाखाली असलेला धरतो आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवतो.

तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मनातले सांगायची माणसे शोधली. कोपऱ्यावरचा न्हावी होता, त्याचा शाळेतला मित्र होता. माझे नाव नव्हते.

गेल्या दिवाळीत एकाचा फोन क्रमांक बदलला म्हणून त्याने कागद नव्याने लिहून काढला आणि कालनिर्णयामागे अडकवला. मी लाडू खाताखाता चोरून पाहिला. तिसऱ्या ओळीत मी आहे. पुढे कंसात लिहिले आहे, 'उशिरा झोपतो. उपदेश करू लागला तर थांबवणे.'