प्रत्येकाची एक जागा

चार-पाच जुने मित्र मिळून परदेशी सहलीची आखणी करू लागले की सर्वांत आधी तयार होते ती प्रेक्षणीय स्थळांची यादी. फ्लॉरेन्सच्या बाबतीत ती फार लवकर लांबते. जुनं शहर अर्ध्या-पाऊण तासात चालत ओलांडता येतं, पण तेवढ्यात कॅथेड्रल आहे, उफिझीचं चित्रसंग्रहालय आहे, आर्नो नदीवरचा १३४५ सालचा पोन्ते वेक्क्यो पूल आहे, मायकेलअँजेलो आणि गॅलिलिओ जिथे चिरविश्रांती घेत आहेत ते सांता क्रोचेचं चर्च आहे. कॅथेड्रलच्या घुमटावर चढायची वेळ आधीपासून राखून ठेवावी लागते. उफिझी आणि अकादमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. ही सगळी गणितं जुळवताना यादी पुरी करणं हाच सहलीचा हेतू होऊन बसतो. शिवाय अशी यादी सगळ्यांची असते, त्यामुळे तिच्यात कुणाचंच मन फारसं गुंतलेलं नसतं.

कॉलेजपासून एकमेकांना ओळखणारे, आता पन्नाशी ओलांडलेले आम्ही मित्रमैत्रिणी फ्लॉरेन्सला गेलो, तेव्हा निघण्याआधीच एक ठरवलं होतं. सामायिक यादी लहान ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या मनातल्या एका जागी सगळ्यांना घेऊन जायचं. तिथे किती वेळ थांबायचं हे ज्याची जागा त्याने ठरवायचं, बाकीच्यांनी घाई करायची नाही. मित्रांसोबत एखादं शहर पाहणं म्हणजे काय, याविषयी आज माझं जे मत आहे ते या एका ठरावातून घडलं.

पुलांची कामं करण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या मित्राची जागा म्हणजे वास्तुकार ब्रुनेलेस्कीने बांधलेला कॅथेड्रलचा घुमट. कॅथेड्रलचं बांधकाम १२९६ साली सुरू झालं. घुमट केवढा असावा याचा आराखडा १३६७ मध्ये मंजूर झाला, पण सुमारे पंचेचाळीस मीटरचं ते अंतर झाकायचं कसं, हे त्या वेळी कुणालाच ठाऊक नव्हतं. तोवरची रीत म्हणजे खाली लाकडाचा भक्कम सांगाडा उभारायचा आणि त्यावर कमान रचायची. एवढ्या उंचीवर एवढा सांगाडा उभा करणं अशक्यच होतं. शहराने आधी आकार ठरवला आणि तो बांधणारा माणूस पन्नासएक वर्षांनी मिळाला. १४२० मध्ये ब्रुनेलेस्कीने सांगाड्याशिवाय काम सुरू केलं आणि १४३६ मध्ये घुमट पूर्ण झाला.

घुमट एक नाही, दोन आहेत. एकात एक. वर जाणाऱ्या ४६३ पायऱ्यांचा शेवटचा भाग या दोन भिंतींच्या मधून जातो. तिथे एका ठिकाणी आमच्या मित्राने विटांवर हात ठेवला. ‘अरे, हे बघ. आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा लावल्यात. चुना ओला असेपर्यंत वरचा थर आत घसरू नये म्हणून.’ उभ्या विटांची ती ओळ तिरकी तिरकी वर चढत गेलेली दिसली. मी एकटी असते, तर घुमटाच्या आतल्या बाजूचं वासारी आणि झुकारीचं अंतिम न्यायाचं भव्य चित्र पाहिलं असतं, माथ्यावरून शहर पाहिलं असतं आणि खाली उतरले असते. विटेकडे माझं लक्ष गेलं नसतं. काम करणारा माणूस दुसऱ्याच्या कामाकडे ज्या आदराने पाहतो, तो आदर त्या अरुंद जिन्यात मला जवळून पाहायला मिळाला.

आमच्यातली एक मैत्रीण बालरोगतज्ज्ञ आहे. तिने आम्हाला अनाथ बालकांसाठी उभारलेल्या ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती या वास्तूत नेलं. हीदेखील ब्रुनेलेस्कीचीच रचना. रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने खर्च उचलला आणि १४१९ मध्ये काम सुरू झालं. ५ फेब्रुवारी १४४५ रोजी इथे पहिलं बाळ आलं. ती मुलगी होती आणि तिचं नाव आगाता स्मेराल्दा ठेवलं गेलं. दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली, दुपट्यात गुंडाळलेली बाळं आहेत, निळ्या गोलांवर पांढरी. ती अनेक पुस्तकांत छापलेली असतात. पण मैत्रिणीला दाखवायचं होतं ते आतल्या संग्रहालयात. आयांनी बाळासोबत ठेवलेल्या खुणा तिथे छोट्या खणांमध्ये जपून ठेवल्या आहेत. अर्धं कापलेलं पदक, मणी, असंच काहीबाही. पदकाचा उरलेला अर्धा भाग आईकडे राहायचा. पुढे कधी दिवस पालटले आणि मूल परत न्यायला येता आलं, तर दोन्ही तुकडे जुळवून ओळख पटावी यासाठी.

ती एकेक खण उघडत राहिली आणि आम्ही तिच्या मागे उभे राहिलो. बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर ती नोकरीच्या सुरुवातीच्या काळाविषयी बोलू लागली. सरकारी रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात कुणीतरी सोडून गेलेली बाळं यायची, त्यांची नावं परिचारिकाच ठेवायच्या, ती पुढे कुठे गेली हे कळायचं नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आम्हीही कधी विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. परक्या शहरातल्या पाचशे वर्षांहून जुन्या घरापुढे बसून आम्ही आपल्याच मैत्रिणीला थोडं अधिक ओळखू लागलो.

कोल्हापूरच्या मित्राची जागा शहराच्या दाटीपासून दूर होती. आर्नोच्या काठाने पश्चिमेला कित्येक किलोमीटर पसरलेलं कास्चिने नावाचं उद्यान आहे. त्याच्या टोकाला, मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एका छत्रीखाली आपल्या वेशातल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० मध्ये ते इंग्लंडचा दौरा करून परत निघाले होते. वाटेत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले. वय अवघं वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं आणि मृतदेहाला अग्नी देणं त्या समाजाच्या रीतीत बसणारं नव्हतं. तरीही खास परवानगी मिळाली आणि दोन नद्यांच्या संगमावर महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये तिथे हे स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्रीची रचना मेजर मँटची. याच मँटने पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. स्मारकाजवळून आर्नो ओलांडणाऱ्या मोठ्या पुलाला फ्लॉरेन्सचे लोक आजही ‘भारतीयाचा पूल’ या अर्थाच्या नावाने ओळखतात.

मित्र स्मारकापुढे नुसता उभा राहिला. मग पायांतले बूट काढून त्याने हात जोडले आणि आम्हीही जोडले. आमच्यातला प्रत्येक जण कोल्हापूरचा नाही, आणि त्या तरुण राजाविषयी आम्हाला फारसं काही माहीतही नव्हतं. पण घरापासून इतक्या दूर, परक्या भाषेच्या लोकांनी एका वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या रीतीने निरोप देऊ दिला, ही गोष्ट तिथे उभं राहिल्यावर मनात खोल उतरते. त्या दुपारी उफिझीतली काही दालनं पाहायची राहिली. त्याबद्दल कुणालाही वाईट वाटलं नाही.

सामायिक यादीत डेव्हिड होताच. १५०१ ते १५०४ या काळात मायकेलअँजेलोने घडवलेली ही पाच मीटरांहून उंच संगमरवरी आकृती आज अकादमियात आहे. ती कुठे उभी करावी हे ठरवायला जानेवारी १५०४ मध्ये शहरातल्या जाणत्या कलावंतांची आणि कारागिरांची बैठक भरली होती. तिच्यात लिओनार्दो होता, बोत्तिचेल्ली होता. प्रत्येकाचं मत नोंदवून ठेवलं गेलं. ज्युलियानो दा सांगाल्लोने सांगितलं की हा दगड उघड्यावर टिकणार नाही, छपराखाली ठेवा. लिओनार्दोचंही तेच मत पडलं. शेवटी पुतळा नगरसभेच्या दारापुढे उघड्यावर उभा राहिला आणि १८७३ मध्ये त्याला छपराखाली हलवावं लागलं. चौकात आज दिसते ती प्रतिकृती. मला यातला निकाल तितका महत्त्वाचा वाटत नाही. एवढ्या मोठ्या कलावंतांनी एकत्र बसून एकाच वस्तूकडे आपापल्या डोळ्यांनी पाहिलं आणि न पटणारी मतंही लिहून ठेवली, हे मला मोलाचं वाटतं. चार माणसांनी मिळून पाहणं याचा अर्थ सगळ्यांना एकच गोष्ट आवडणं, असा नाही.

माझी जागा होती सान मार्कोचा मठ. कोझिमो दे मेदिचीच्या पैशाने मिकेलोत्झोने तो नव्याने बांधला आणि फ्रा अँजेलिको या भिक्षू चित्रकाराने, मदतनिसांसह, भिक्षूंच्या खोल्यांमध्ये भित्तिचित्रं काढली. जिना चढून गेल्यावर समोर देवदूत आणि मेरीचं मोठं चित्र येतं. ते सगळ्यांसाठी होतं. पुढच्या लहान लहान खोल्यांमध्ये मात्र एकेकच चित्र. त्या खोलीत राहून प्रार्थना करणाऱ्या एका माणसासाठी ते काढलेलं. रंग मोजके, मोकळी जागा पुष्कळ. मी मुलांना चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि एका माणसाने एकट्याने पाहायचं चित्र कसं असतं हे मला पाहायचं होतं. तिथे पोहोचल्यावर न सांगताच आम्ही पांगलो. जो तो एकेका खोलीपाशी गेला. बराच वेळ कुणी कुणाला हाक मारली नाही, कुणी फोटोसाठी उभं राहायला सांगितलं नाही. खाली अंगणात भेटल्यावर प्रत्येकाने वेगळी खोली सांगितली.

सोबतीत एवढी मोकळीक असली पाहिजे. मित्राने त्याचं पाहणं आपल्याला द्यावं, आपण आपला वेळ त्याला द्यावा, आणि जिथे एकट्याने पाहायला हवं तिथे एकमेकांना एकटं सोडावं. यातलं काही सहज घडत नाही, ते आधीपासून ठरवावं लागतं. मोठी यादी हाती असली की सर्वांत घाईचा माणूस सगळ्यांची गती ठरवतो, आणि ज्याला कुठेतरी थांबायचं असतं तो भिडेपोटी पुढे चालत राहतो. संध्याकाळी सगळ्यांकडे सारखेच फोटो असतात. सांगायला मात्र कुणाकडे काही नसतं.

वय वाढतं तशी जुनी मैत्री फार करून आठवणींवर चालते. तेच किस्से, तीच नावं. ते वाईट नाही, पण पुरेसं नाही. आज हा मित्र कशापुढे थांबतो, कशाने त्याचा आवाज बदलतो, हे माहीत असेल तरच मैत्री आजची राहते. म्हणून मित्रांसोबत कुठेही निघालात, इटलीला किंवा अजिंठ्याला, तर यादी अर्धी करा. प्रत्येकाला विचारा, तुझी जागा कोणती? तिथे सगळे मिळून जा, आणि तो म्हणेल तितका वेळ थांबा.