सज्जता कोणाच्या मापाने?

बारामती-इंदापूर परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांविषयी बोलताना ‘करिअरसाठी सज्ज’ हा शब्दप्रयोग अलीकडे मुलाखतीचे तंत्र, एखादे प्रमाणपत्र आणि प्लेसमेंटचा आकडा एवढ्यापुरता आक्रसला आहे. ‘नॅक’च्या मूल्यांकनात नोकरीला लागलेल्या विद्यार्थ्यांची मोजदाद होत असल्याने त्या आकड्याला वजन येते आणि सज्ज विद्यार्थी जीवनातही समाधानी असतो, हा निष्कर्ष मग आपोआप त्याला जोडला जातो. सज्जता आणि समाधान या दोन्ही कल्पनांचा मूळ हेतू मात्र मापाची पट्टी विद्यार्थ्याच्याच हाती देण्याचा होता.

हंटर आयोगापुढे 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी कारकून आणि शिक्षक घडवण्यापलीकडे न जाणाऱ्या शिक्षणावर ठेवलेला ठपका आणि कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ पद्धत सर्वपरिचित आहे. दोहोंचा रोख स्वावलंबनाकडे होता. पाश्चात्त्य विचारात फ्रँक पार्सन्स यांनी 1909 मध्ये स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि दोहोंचा मेळ ही त्रिसूत्री मांडली, तर 1955 मध्ये डोनाल्ड सुपर यांनी ‘व्यावसायिक परिपक्वता’, म्हणजे त्या त्या वयातील निर्णय पेलण्याची तयारी, ही संकल्पना पुढे आणली.

गैरसमज आहे तो त्यापुढच्या वळणाविषयी. 1997 मध्ये मार्क सॅविकास यांनी परिपक्वतेच्या जागी ‘अनुकूलनक्षमता’ हा शब्द सुचवला आणि मालकाला हवे तसे वाकण्याची तयारी, असा त्याचा अर्थ सर्रास लावला जाऊ लागला. वस्तुतः वयानुसार चढायच्या ठरीव पायऱ्या बदलत्या कामजीवनाला पुरेनाशा झाल्या, म्हणून हा बदल झाला. आणि या क्षमतेचे जे चार घटक पुढे मांडले गेले, ते उद्याची काळजी, निर्णयावरील ताबा, पर्यायांविषयीचे कुतूहल आणि अडचण पार करण्याचा आत्मविश्वास असे आहेत. यांतला ‘ताबा’ वगळला की अनुकूलनाची निव्वळ तडजोड होते.

या भूप्रदेशात हा भेद ठळक दिसतो. 1885 पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडील गावात, पाण्याचे आवर्तन कधी मिळेल याची खात्री नसताना, डाळिंबाची बाग राखून जोडीला वालचंदनगरच्या कारखान्यातील किंवा बारामतीच्या एमआयडीसीतील कामाचा विचार करणारा पदवीधर चारही घटकांत उजवा ठरू शकतो. पण तो बागेतच राहिला, तर प्लेसमेंटच्या आकड्यात येत नाही. उलट, घरच्यांनी ठरवलेली नोकरी निमूट पत्करणारी विद्यार्थिनी त्या आकड्यात अलगद बसते, जरी निर्णयावर तिचा ताबा नसला तरी.

जीवनसमाधानाचीही अशीच गत झाली आहे. एड डीनर आणि सहकाऱ्यांच्या 1985 च्या मापनश्रेणीत पाच विधाने असून प्रत्येकाला 1 ते 7 गुण दिले जातात. त्यातील मर्म हे, की जगणे कसे चालले आहे याचा निवाडा माणसाने स्वतःच्या निकषांवर करायचा असतो. सज्जता आणि समाधान यांची गुणसंख्या बरोबरीने वाढली, तरी एकामुळे दुसरे घडले, हे सिद्ध होत नाही; दोहोंच्या मुळाशी निर्णयाचे स्वातंत्र्य, किंवा घरची बागायत, असू शकते. ज्या घरात एक हंगाम बुडाला तरी चूल पेटते, तेथील मुलाला निवड करून पाहण्याची मुभा असते. म्हणून सज्जतेचे वर्ग वाढवण्याआधी, चुकीची निवड परवडण्याइतका आधार या दोन तालुक्यांतील किती विद्यार्थ्यांना आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.