बीज, भोग आणि हिवताप

दुःख हे भोगणाऱ्याच्याच पूर्वकर्माचे फळ असते, या मताची परीक्षा तत्त्वग्रंथांतील वादांपेक्षा एखाद्या रोगाच्या वाटचालीवर अधिक कसोशीने करता येते, आणि शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवर पावसाळ्यात उद्भवणारा हिवताप त्या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. कातकरी, ठाकूर आणि महादेव कोळी यांच्या या मुलखात ताप उलटला की कोणी भगताला विचारतो, कोणी नशिबाचा भोग म्हणतो, तर कोणी उपकेंद्रात रक्त तपासून घेतो. पुष्कळदा एकाच घरात हे तिन्ही घडते.

ॲनॉफेलिस जातीची डासीण चावते तेव्हा तिच्या लाळेबरोबर परजीवीची सुईसारखी अवस्था, म्हणजे स्पोरोझॉइट, त्वचेत उतरते आणि रक्तावाटे यकृतात पोहोचून तेथील पेशीत शिरते. तेथे आठवडाभर तिची विभागणी होत राहते आणि एका पेशीतून हजारो मेरोझॉइट बाहेर पडतात, पण या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. हे मेरोझॉइट तांबड्या पेशींत घुसतात, त्यांतील हिमोग्लोबिन खातात, वाढतात, पुन्हा विभागतात आणि सुमारे ४८ तासांनी त्या पेशी एकदम फुटतात, तेव्हा हुडहुडी, ताप आणि मग घाम असा क्रम सुरू होतो. काही परजीवी मात्र फुटण्याच्या या चक्रातून बाजूला होऊन नर-मादी रूपे घेतात. त्यांचे मीलन माणसात होत नाही, ते डासिणीच्या जठरात होते. म्हणूनच जीवशास्त्र डासाला अंतिम आश्रयदाता मानते आणि माणसाला मधला. सृष्टीच्या केंद्रस्थानी मानवजन्म ठेवणाऱ्या कोणत्याही विचाराने या क्रमाची दखल घेतलेली बरी. अंगाला सुटणाऱ्या थरकापातून परजीवीला काही साधायचे नसते, तो त्याच्या वाढीत केवळ ओघाने घडतो. त्यामुळे या दुःखामागे हेतू शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स या जातीत गोष्ट आणखी गुंतते, कारण तिचे काही स्पोरोझॉइट यकृतात शिरल्यावर वाढतच नाहीत. ते हिप्नोझॉइट, म्हणजे निद्रिस्त रूपात, आठवडे किंवा महिने पडून राहतात आणि नवा डास न चावताही ताप परत आणतात. यकृतातील अवस्था शॉर्ट व गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवली, तरी निद्रिस्त रूपाची ओळख पटण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. चरकसंहितेत विषमज्वराचे विवेचन करताना, जमिनीत पडलेले बी जसे काळ येताच उगवते तसा दोष धातूंत दडून राहतो आणि वेळ येताच उसळतो, असे म्हटले आहे. यावरून चरकाला परजीवी ठाऊक होता असे म्हणणे हा पोकळ अभिमान ठरेल, पण उलटणाऱ्या तापाचे निरीक्षण अचूक होते यात शंका नाही. संचित कर्मालाही परंपरेने बीजच म्हटले असल्यामुळे हिप्नोझॉइट आणि संचित यांची सांगड घालण्याचा मोह सहज होतो.

ती सांगड मात्र दोन ठिकाणी सुटते. कर्माचे फळ कर्त्याकडे येते असे मानले जाते, तर येथे एकाच्या रक्तातील बीज डासामार्फत शेजारच्या पोराच्या यकृतात पडते. आणि प्रारब्ध भोगून सरते, तर हे बीज भोगून सरत नाही, ते मारण्यासाठी १४ दिवस प्रायमाक्विन घ्यावे लागते. सर्वच वेदना पूर्वकर्मातून येतात हे मत खुद्द बुद्धानेही नाकारले होते: सीवक नावाच्या परिव्राजकाला उत्तर देताना त्याने पित्त, कफ, वात, ऋतू अशी इतर कारणे मोजून कर्मविपाकाला त्यांपैकी केवळ एक स्थान दिले.

चरकाचा जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे अख्खा प्रदेश उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांचा, अध्याय याहून पुढे जातो. भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी एकाच रोगाने का मरतात, या प्रश्नावर तेथे प्रथम वायू, जल, देश आणि काल यांचे बिघडणे हे कारण दिले आहे, आणि त्याही मुळाशी अधर्म आहे असे सांगताना तो देश-नगरांच्या प्रमुखांपासून सुरू होऊन आश्रितांपर्यंत पसरतो असे म्हटले आहे. कर्माचा हा अर्थ शहापुरात ताडून पाहता येतो. भातसा आणि तानसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. भातकापणी संपली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांत ताप उतरतो, अंग हलके होते, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि उरलेल्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पिशवीतच राहतात. पुढे भट्टीवर उलटणाऱ्या तापाचे कर्तेपण रोग्याच्या एकट्याच्या पदरी टाकायचे, तर उचल, स्थलांतर आणि पाणी हे सारे हिशेबातून वगळावे लागते.

कर्मवादी यावर जन्माकडे बोट दाखवील, आणि प्रायमाक्विनच्या बाबतीत जन्म खरोखरच आड येतो. जी-६-पी-डी हे विकर ज्यांच्या पेशींत उपजतच कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. हा दोष मुलग्यांत अधिक दिसतो, कारण त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पण ही उणीव हिवतापाच्या प्रदेशांतच पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली, याचे कारण तिने वाहकांना त्या रोगापासून काहीसे संरक्षण दिले असावे, असे मानले जाते. मुलाला औषध सोसत नाही ते बहुधा पूर्वजांचा ज्यामुळे बचाव झाला त्याच वारशामुळे, आणि त्या वारशात पाप किंवा पुण्य यांपैकी काहीही मोजता येत नाही.