भंगास्वनाचे उत्तर

आत्मा स्त्री नाही, पुरुष नाही आणि नपुंसकही नाही. ज्या देहाचा तो आश्रय करतो त्या देहाच्या नावाने तो ओळखला जातो इतकेच, असे श्वेताश्वतर उपनिषद सांगते, आणि हा सिद्धांत आपल्याकडे सहसा कोणी अमान्य करीत नाही. परंतु सिद्धांताला मान डोलावणे निराळे आणि कथेत पात्राला जागा देणे निराळे. ज्याचा देह एक सांगतो आणि अंतःकरण दुसरेच, किंवा ज्याचे प्रेम समाजाने आखलेल्या वाटेने जात नाही, अशा माणसाला कथेत आणताना लेखक त्याच्या ठायी आत्मा पाहतो की केवळ आपली सोय पाहतो, हा प्रश्न मला वाङ्मयाचा जितका वाटतो तितकाच अध्यात्माचाही वाटतो.

शिखंडीचे नाव आपल्या भाषेत आडोशाचा पर्याय होऊन बसले आहे. युद्धाच्या दहाव्या दिवशी अर्जुनाने त्याला पुढे केले, पूर्वी स्त्री असलेल्यावर शस्त्र धरणार नाही म्हणून भीष्मांनी हात आवरला, आणि पितामह पडले. एवढेच आपण लक्षात ठेवले. पण महाभारताच्या उद्योगपर्वात या जीवाची जी हकीकत आली आहे ती फार कोवळी आहे. कन्या म्हणून जन्मलेल्या, पुत्र म्हणून वाढवलेल्या आणि दशार्णराजाच्या मुलीशी लग्न लावून दिलेल्या शिखंडीचे गुपित फुटले, व्याही फौज घेऊन चालून येऊ लागला, तेव्हा आपल्यापायी आईबापांवर संकट आले म्हणून प्राण देण्यासाठी तो वनात गेला. तिथे स्थूणाकर्ण नावाच्या यक्षाने दयेने आपले पुरुषत्व त्याला काही मुदतीसाठी उसने दिले. संकट टळताच शिखंडी ते परत करायला त्याच यक्षाच्या दारी गेला. मधल्या काळात कुबेराने यक्षाला शाप दिला होता आणि शिखंडीच्या मृत्यूपर्यंत ती अदलाबदल कायम राहणार होती, हे त्याला तिथे कळले. जो माणूस असा करार पाळायला परत जातो, त्याच्या नावाची आपण शिवी केली! पूर्वजन्मीच्या अंबेची प्रतिज्ञा, पिता द्रुपदाची पुत्रेच्छा आणि अर्जुनाची अडचण अशी तिघांची कामे त्याने आपल्या देहाने पार पाडली. त्याला स्वतःला काय हवे होते, हे त्या अफाट ग्रंथात त्या यक्षाखेरीज कोणी विचारलेले मला आढळत नाही.

आधुनिक मराठीत विजय तेंडुलकरांची ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आली, तेव्हा स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा देव मराठी प्रेक्षकांसमोर उभी करणे हे मोठ्या धैर्याचे काम होते, आणि त्या धैर्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही मित्राची, म्हणजे सुमित्राची, गोष्ट तिचा मित्र बापू सांगतो आणि तिचा शेवट मित्राच्या आत्मनाशात होतो, याची रुखरुख मला लागून राहते. कारण ज्याचा अंत झाला त्याच्यावर करुणा करणे वाचकाला सोपे जाते, शेजारी राहणाऱ्याशी नाते जोडणे तितके सोपे जात नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या २००६ सालच्या कादंबरीत तनय आणि अनुजा ही भावंडे घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात, आणि दोघेही आपापल्या तोंडाने बोलतात. तनयचा विरह तिथे कोणाच्या दाखल्याची वाट पाहत नाही. पुरुषार्थ या शब्दातला पुरुष म्हणजे नर नव्हे, देहात वस्ती करणारा जीव, असा अर्थ मी घेतो. आणि तनयला काम हा पुरुषार्थ आहे, त्याचा आनंद आहे आणि त्याचा दाहही आहे, हे त्या कादंबरीने कबूल केले.

आपली इच्छा आपल्या तोंडाने सांगणारे असे पात्र आपल्या परंपरेत अगदीच नवे नाही. अनुशासनपर्वात भंगास्वन राजाची कथा आहे. इंद्राच्या कोपाने तो सरोवरात स्नान करताना स्त्री झाला, पहिल्या शंभर पुत्रांना राज्य देऊन वनात गेला आणि एका तापसापासून आणखी शंभर पुत्रांची माता झाला. इंद्राने त्या दोनशे भावांत कलह पेटवून त्यांचा घात केला आणि पुढे प्रसन्न होऊन कोणते शंभर जिवंत करू म्हणून विचारले, तेव्हा तिने आपल्या पोटी आलेले मागितले. इंद्राने सगळेच उठवले. मग त्याने विचारले, तुला पुरुष व्हायचे आहे की स्त्रीच राहायचे आहे? ती म्हणाली, स्त्रीच राहीन. आणि त्यातले सुख अधिक आहे, हे कारणही तिने निःसंकोच सांगितले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला असल्याचा निवाडा दिला, तेव्हा मला इंद्राचा हा प्रश्न आठवला होता.

ही कथा युधिष्ठिराला सांगणारे स्वतः भीष्म आहेत. ज्याला पाहून त्यांनी धनुष्य खाली घेतले, त्याच्यामुळेच मिळालेल्या शरशय्येवर पडून ते भंगास्वनाचे उत्तर सांगत आहेत, आणि त्या सांगण्यात निषेधाचा सूर कुठेही नाही. शिखंडी ते ऐकायला नव्हता. युद्ध संपले त्या रात्री अश्वत्थाम्याने त्याला मारले होते.