वेचणे आणि वाचणे

लॅटिनमधील ‘लेगेरे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ गोळा करणे, वेचणे असा आहे. ‘वाचणे’ हा अर्थ त्यातूनच पुढे विकसित झाला. त्याचे ग्रीक सगोत्र ‘लेगेइन’ मात्र वेचण्याकडून बोलण्याकडे वळले. डोळ्यांनी अक्षरे वेचणे म्हणजे वाचन, अशी संगती सामान्यतः लावली जाते. वऱ्हाडातील वाचकाला ती उलगडून सांगावी लागू नये. अकोला-अमरावतीकडे कापसाच्या एकेका वेचणीला ‘वेचा’ म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातील निवडक उताऱ्यांनाही आपण ‘वेचे’च म्हणत आलो आहोत.

तथापि ‘लेगेरे’चा गोतावळा पाहू लागलो की प्रश्न नीतीच्या प्रांतात शिरतो. अनेकांतून निवडून जीव लावणे ते ‘दिलिगेरे’. निवड करीत जाणणे ते ‘इन्तेल्लिगेरे’. न उचलणे, म्हणून दुर्लक्षिणे, ते ‘नेग्लेगेरे’. आणि देवळातील वस्तू उचलून नेणारा तो ‘साक्रिलेगुस’. प्रेम, आकलन, उपेक्षा आणि चोरी यांच्या मुळाशी एकच कृती आहे. समीक्षक वेचतो तेव्हा तो यांपैकी नेमके काय करीत असतो?

अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर या संदर्भात आठवते. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास त्यांच्या लीळा संकलित केल्या, त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडून. पुढे केशिराजबासांनी लीळांतील चक्रधरवचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. दोन्ही कृती वेचण्याच्याच. पण लीळेत वचनाभोवती माणसे असतात, कोणी काय विचारले हे असते. सूत्रात वचन एकटे उभे राहते. ते पाठांतराला सोपे, सिद्धान्ताला सोयीचे. सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ संप्रदायाला पुन्हा रचावे लागले, यात मला एक प्रामाणिक कबुली दिसते. आपल्या समीक्षेत अवतरणे मुबलक आहेत, प्रकरणवश विरळा.

राहिला प्रश्न न वेचलेल्याचा. कपाशीची बोंडे एकदम फुटत नाहीत. पहिल्या वेच्यात मागे राहिलेले बोंड टाकलेले नसते, त्याच्यासाठी पुन्हा यायचे असते. कवडीसुद्धा फेकत नाहीत, वेगळी ठेवतात. महानुभाव वाङ्मय सांकेतिक लिप्यांमुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत संप्रदायाबाहेर जवळजवळ वाचलेच गेले नव्हते. (यात दोष एकट्या वाचकांचा नाही, लिपी लपवण्यासाठीच होती.) तरीही त्यापूर्वी लिहिले गेलेले मराठी वाङ्मयाचे इतिहास आपण संपूर्ण वेचणी झाल्यासारखे वाचत होतो, ही गोष्ट अस्वस्थ करते.

मराठीत ‘वेचणे’ म्हणजे खर्चणेही. हा अर्थ ‘व्यया’कडून आला आहे, धातू निराळा, लॅटिनला हा योग लाभला नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला मजुरी बहुधा किलोवर मिळते, तेव्हा काडी-कचरा निवडत बसण्याची किंमत तिच्याच पदरातून जाते. म्हाइंभटांना वजन करून देणारे कोणी नव्हते. आपल्या संशोधनाचे मोल मात्र आता लेखांच्या संख्येवर ठरते.