रकाना रिकामा ठेवायचा का?

भाची तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात, मामा निवृत्त भूवैज्ञानिक. समोर डोंगरउतारावरच्या वाड्यांचा तक्ता, शेवटचा रकाना दरडीच्या धोक्याचा.

भाची : या एका वाडीपुढे काय लिहू? उतारावर मातीचा थर किती खोल आहे, कुणी मोजलेलं नाही. पर्जन्यमापक खाली मंडळाच्या गावात. वर किती कोसळतो, देव जाणे. जुनी दरड कुणाला आठवत नाही. ऑफिसात सगळे म्हणतात, 'कमी' लिहून टाक.

मामा : आठवत नाही म्हणून कमी? किल्लारीचं हेच झालं. भूकंपाच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात. 1992 मध्ये तिथे धक्के बसले, लोक धास्तावले, नकाशा तसाच राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जवळपास दहा हजार माणसं गेली. 2002 मध्ये नकाशातून पहिला विभागच काढून टाकला. आपल्याला माहीत नव्हतं, आणि ते आपण सुरक्षित म्हणून रंगवलं होतं.

भाची : मग 'जास्त' लिहिते.

मामा : लिही. इर्शाळवाडी तरी दरडप्रवण गावांच्या यादीत कुठे होती? 19 जुलै 2023 च्या रात्रीनंतर 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ताच राहिले.

भाची : पण पुनर्वसनाचा निधी एकाच वाडीपुरता आहे. पलीकडच्या वाडीत घरांच्या मागे हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात, झऱ्याला गढूळ पाणी येतंय. तीही 'जास्त' आणि हीही 'जास्त'? तुमच्या सावधगिरीची किंमत त्या लोकांनी का मोजायची?

मामा गप्प झाले. आयुष्यभर अहवालाच्या तळाशी सावधगिरीचा एकच शेरा मारत आलेल्या माणसाला हा प्रश्न जड जाणारच.

मामा : आपण दोन गोष्टींची गल्लत करतोय. जुलैतल्या एखाद्या रात्री किती पाऊस पडेल, हे आज कितीही डोकं लावलं तरी कळणार नाही. मातीची खोली मात्र कळू शकते; कुणी गेलं नाही, म्हणून कळलेली नाही. दोन्ही एकत्र करून तू 'मध्यम' लिहिलंस, तर वरच्या साहेबाला वाटेल मोजून मध्यम आलंय.

भाची : मोजायला माणूस येईपर्यंत पाऊस लागेल. तोवर?

मामा : रेड अलर्ट आला की वाडी खाली शाळेत आणायची.

भाची : ऐन लावणीत? गुरं दावणीला सोडून? मागे आणलं होतं, काहीच झालं नाही. परत चढताना एक आजी म्हणाल्या, "डोंगर हाय तिथंच हाय, तुमचाच भरवसा नाय."

मामा : कारण तुम्ही 'दरड येणार' म्हणून आणलंत. खरं ते सांगा. बहुधा काही होणार नाही, पण या उताराचं आम्हाला पुरतं ठाऊक नाही, म्हणून या.

भाची : असं सांगितलं तर कोण येईल?

मामा : काही जण नाही येणार. आणि 'येणार, येणार' म्हणत राहिलात, तर पुढे कुणीच नाही येणार.

भाची : बोलणारे आपण, रात्र काढणारे ते.

इथे मला भाचीचंच पटतं. खरं बोलल्याने अधिकाऱ्याचं मन हलकं होतं. गोठ्यातल्या म्हशीचं काय करायचं, हे त्याने सुटत नाही.

तिने रकान्यात लिहिलं : 'सांगता येत नाही. मातीची खोली मोजलेली नाही, मोजणी जूनपूर्वी हवी.' निधीसाठी शिफारस भेगा पडलेल्या वाडीची केली.

मामा : वरून फोन येईल, एका शब्दात सांगा म्हणून.

भाची : येऊ दे. मोजणीला माणूस कधी पाठवताय, ते मी विचारीन.

मामा : आणि नाहीच पाठवला तर?

भाची : तर अलर्टची वाट बघायची नाही. संततधार लागली की वाडी खाली. शाळेमागे शेड आहे, तिथे आधीच चारा टाकून ठेवते. गुरं आली तर माणसं येतील.