बाळंतिणीचा विसावा: दान कीं ऋण?

बाळंतिणीला कांहीं दिवस विसावा, पोटभर अन्न आणि जाणत्या हातांचें साह्य मिळावें, हें कोणीहि नाकारीत नाहीं. वाद आहे तो एवढाच कीं, हें तिला कोणीं द्यावें, आणि कोणत्या नात्यानें द्यावें? दान म्हणून, मजुरीचा भाग म्हणून, कीं फेडावयाचें ऋण म्हणून?

निरनिराळ्या देशांनीं याचें उत्तर निरनिराळें दिलें आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९३ च्या राष्ट्रीय कायद्यानें १२ आठवड्यांची रजा मिळते. पण ती बिनपगारी, आणि तीहि सर्व नोकरांस नाहीं. स्वीडन देशांत एका मुलामागें आईबापांस मिळून ४८० दिवसांचा भत्ता आहे. फिनलंड देशांत १९३८ पासून गरीब मातांस, व १९४९ पासून सर्वच मातांस, बाळाच्या कपड्यांची पेटी सरकारकडून मिळूं लागली. अट एवढीच कीं, तिनें गरोदरपणीं वेळेवर तपासणी करून घ्यावी. ती कोणाची नोकर आहे, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या इलाख्यांतहि हा प्रश्न जुना आहे. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याविषयीं चर्चा झाली, तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं असें प्रतिपादिलें कीं, मातेस विसावा मिळणें हें राष्ट्राचें हित आहे, म्हणून भाराचा मोठा भाग सरकारनें उचलावा. मात्र तिच्या श्रमाचा लाभ घेणारा धनीहि त्यांतून सुटत नाहीं. १९२९ सालीं तो कायदा झाला. पुढें १९६१ चा सर्व देशाचा कायदा आला, आणि २०१७ सालीं पहिल्या दोन मुलांकरितां पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली.

परंतु ही रजा नोकरीच्या खुंटीला बांधलेली आहे. पाथर्डी व जामखेड तालुक्यांतून जीं कुटुंबें ऊसतोडीस जातात, त्यांत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ गणला जातो. उचल आधींच घेतलेली. खाडा झाला तर पैसे कापले जातात. दिवस भरत आलेली स्त्री डोक्यावर मोळी वाहते, ती कोणाची नोकर? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, आणि मुकादम उचलीच्या हिशेबाकडे. तिला सरकारच्या मातृवंदना योजनेंतून पहिल्या मुलास ५,००० रुपये मिळूं शकतात, व दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. पांच हजारांचे २६ आठवड्यांवर भाग पाडले, तर दिवसास २८ रुपयेहि पडत नाहींत. एकीचा पगार चालू राहतो, दुसरीस एवढेंच. मूल होण्याच्या वेदना मात्र दोघींच्या सारख्याच.

कोणी म्हणेल, आमच्या आज्या शेतांत बाळंत झाल्या, त्यांस काय झालें? ज्या वांचल्या, त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतों. ज्या गेल्या, त्या सांगावयास येत नाहींत. दुसरा म्हणेल, सर्व खर्च धन्यावर घातला तर तो स्त्रियांस कामच देणार नाहीं. हें भय खोटें नाहीं. आणि म्हणूनच हा भार एकट्या धन्याचा नसून सर्व समाजाचा ठरतो.

ज्ञानाची उणीव आतां मोठी सबब राहिली नाहीं. १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं जामखेडास काम आरंभिलें, आणि लिहितां वाचतां न येणाऱ्या खेड्यांतील स्त्रियांसहि गरोदरपणाची काळजी व सुरक्षित बाळंतपण शिकवून आपापल्या गांवच्या आरोग्यसेविका केलें. पण ज्ञान सांगतें, ‘विसावा घे’; आणि उचल सांगते, ‘कोयता धर.’ भाकरीची सोय नसतां दिलेला उपदेश हा दुःखितावर घातलेला आणखी एक भार होय.

म्हणून आमचें मत असें कीं, हें दान नव्हे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतें. ऋण मर्जीवर नसतें. आपणांपैकीं प्रत्येकजण कोणा स्त्रीच्या त्या दिवसांचा ऋणी आहे. वाचकहो, कायदा पुरा होईपर्यंत निदान इतकें करावें: टोळी निघण्यापूर्वीं आपल्या गांवांतील गरोदर स्त्रियांचीं नांवें आशाताईकडे व अंगणवाडींत नोंदलीं आहेत कीं नाहींत, हें पाहावें, जी मागें राहूं शकेल, तिच्या घरचें धान्य सर्वांनीं मिळून पाहावें, आणि आपल्या शेतावर राबणाऱ्या बाळंतिणीचा खाडा कोणीं मोजूं नये.